बॅलड ऐका, मग कागद काढा: मुलांना अमेरिकेचा इतिहास गाण्या-गोष्टींतून कसा शिकवावा

जॉन हेन्री नक्की कोण होता, यावर अमेरिकेतल्या अभ्यासकांचं आजही एकमत नाही. पण घण घेऊन तो वाफेच्या यंत्राशी पैज लावायला उभा राहिला, यंत्राला हरवलं आणि हातातला घण न सोडता मेला, एवढी गोष्ट तिथल्या बहुतेक शाळकरी पोरांच्या कानावरून गेलेली असते. गाण्यातला माणूस आणि कागदपत्रांत सापडणारा माणूस यांच्यात जे अंतर पडतं, ते मुलांना दाखवून द्यायचं. मग सनावळ्या पाठ करून घ्याव्या लागत नाहीत, त्या आपोआप लागतात.

मी न्यू जर्सीत रविवारी दहा ते चौदा वयाच्या मराठी मुलांचा एक छोटा गट घेते. घरात मराठी, शाळेत इंग्रजी. आईवडील महाराष्ट्रात शिकलेले, त्यामुळे शिवकाल आणि पेशवाई त्यांना झोपेतून उठवून विचारा. अँड्र्यू जॅक्सन म्हटलं की मात्र वीस डॉलरची नोट आठवते आणि गाडी तिथेच थांबते. हा लेख अशा पालकांसाठी आहे, आणि इंग्रजी-इतिहास एकत्र शिकवू पाहणाऱ्या इथल्या-तिथल्या शिक्षकांसाठीही.

आपल्याकडे एक आयतं भांडवल आहे: पोवाड्याचा कान. शाहीर चौक गातो, झिलकरी ‘जी जी रं जी’ उचलून धरतात, डफ थांबतो, शाहीर दोन मिनिटं गद्यात प्रसंग समजावतो आणि पुन्हा गायला लागतो. अमेरिकन बॅलड गाणारा सहसा असा थांबत नाही, गोष्ट सरळ शेवटपर्यंत गाऊन मोकळा होतो. वर्गात मात्र बॅलड पोवाड्याच्या रीतीनेच घ्यायचं. दोन कडवी, मग थांबा, मग बोला. परक्या मुलखातल्या घटनेवर मराठीत गावं का, असा संकोच नको. अण्णाभाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचलाच होता.

बॅलड म्हणजे काय, हे दोन मिनिटांत

गोष्ट सांगणारं गाणं. बहुधा चार ओळींची कडवी, सोपी चाल. इंग्लंड-स्कॉटलंडहून आलेल्या लोकांनी ही रीत सोबत आणली. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी अशा ३०५ जुन्या बॅलडांचा संग्रह केला, आणि १९१६ ते १९१८ या काळात सेसिल शार्प हा इंग्रज संग्राहक अॅपलाचियन डोंगरांत हिंडला तेव्हा त्यातली कितीतरी तिथल्या लोकांच्या तोंडी जिवंत सापडली. पुढे अमेरिकेने स्वतःची बॅलडं रचली, आणि त्यांचे विषय अगदी वर्तमानपत्री: रेल्वे अपघात, खून, दरोडेखोर, संप, बुडालेली जहाजं. मुलांना एवढं पुरे. व्याख्येत वेळ घालवू नका.

गाणं निवडताना

निवड चुकली तर पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते, म्हणून इथे घाई करू नये.

घटनेला ठाव हवा, म्हणजे नकाशावर बोट ठेवता येईल अशी जागा आणि निदान एक साल. गाण्याखेरीज घटनेचा दुसरा पुरावा मिळायला हवा: वर्तमानपत्र, पत्र, कोर्टाचा किंवा कंपनीचा कागद. आणि एकाच गाण्याची दोन-तीन रूपं मिळत असतील तर सोन्याहून पिवळं, कारण कुठल्या कडव्यात काय बदललं यावर मुलं तासभर हुज्जत घालतात.

गाणं ज्या काळाबद्दल आहे त्याच काळातलं आहे का, हेही पाहा. एरी कालव्यावरचं खेचरवाल्याचं गाणं अमेरिकन शाळांत हटकून म्हटलं जातं. कालवा खोदायला १८१७ मध्ये सुरुवात झाली, १८२५ मध्ये तो खुला झाला. ऑल्बनी ते बफेलो, ३६३ मैल. गाणं मात्र टॉमस अॅलन या गीतकाराचं, छापलं गेलं १९१३ मध्ये, खेचरांनी होड्या ओढायचे दिवस सरत आले तेव्हा. म्हणजे ते १८२५चं चित्र म्हणून वापरता येत नाही. जुन्या दिवसांची हुरहूर म्हणून ते उत्तम आहे.

एक गंभीर खबरदारी. एकोणिसाव्या शतकातली पुष्कळ ‘गोड’ लोकगीतं मुळात मिन्स्ट्रल खेळांतली आहेत, जिथे गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्या लोकांची टवाळी करत. ‘ओ! सुझाना’ हे १८४८ मध्ये छापलेलं गाणं त्यातलंच. त्याच्या मूळ छापील रूपात एक कडवं असं आहे की ते मुलांसमोर वाचवणार नाही. चाल ओळखीची आहे म्हणून गाणं उचलू नका, मूळ छापील प्रत एकदा डोळ्यांखालून घाला. खुनाची बॅलडंही लहान गटाला नकोत. टॉम डूलीचं गाणं कितीही गाजलेलं असो, ते चौदाच्या पुढच्या मुलांना द्यावं.

आधी गोष्ट, मग गाणं

बहुतेक शिक्षक आधी गाणं लावतात आणि मग अर्थ समजावतात. मला हे उलट वाटतं. इंग्रजी गाण्यातले जुने शब्द, घोगरं रेकॉर्डिंग, अनोळखी चाल, हे सगळं एकदम अंगावर आलं की मुलं पहिल्याच कडव्यात सुटतात. आठ मिनिटांत मराठीत गोष्ट सांगा, आणि शेवट राखून ठेवा. शेवट गाण्यातून कळू दे. मग मुलं कान देऊन ऐकतात, कारण त्यांना काहीतरी शोधायचं असतं.

गोष्ट सांगताना नावं तीनच ठेवा: एक माणूस, एक गाव, एक वस्तू. बाकीची नावं नंतर फळ्यावर येतील. नकाशा मात्र पहिल्या मिनिटालाच उघडा.

जॉन हेन्री: एक पूर्ण धडा

हा धडा सविस्तर देते, कारण तो जमला की बाकीचे जमतात. मला सव्वा तास लागतो.

वस्तू दाखवून सुरुवात करा: एक हातोडी आणि एक जाड छिन्नी. बोगदा खणताना दगडात सुरुंगाची दारू ठासायला खोल भोकं पाडावी लागत. दोन गडी मिळून हे करत. एक पोलादी पहार दगडावर टेकवून धरायचा, दुसरा तिच्या डोक्यावर घण घालायचा. धरणाऱ्याला इंग्रजीत शेकर म्हणत. प्रत्येक घावानंतर तो पहार किंचित फिरवायचा आणि हलवायचा, म्हणजे भोकातला चुरा सुटायचा आणि पहार अडकायची नाही. घण चुकला तर त्याचा हात गेला. म्हणून ठेका लागतो, आणि ठेक्यासाठी गाणं. मुलांच्या जोड्या करून पेन्सिल आणि पुठ्ठ्याची गुंडाळी देऊन हे करवून घ्या: एकाने धरायचं, दुसऱ्याने मारायचं, मधल्या क्षणी पेन्सिल फिरवायची. गाण्याविना करायला सांगा, मग मोजून, मग ‘जी जी रं जी’वर. तिसऱ्या खेपेला फरक त्यांचा त्यांनाच कळतो.

मग गोष्ट. यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं. व्हर्जिनियातून पश्चिमेला ओहायो नदीपर्यंत रेल्वे न्यायची होती आणि मध्ये डोंगर. चेसापीक अँड ओहायो कंपनीची ही वाट १८७३ मध्ये पुरी झाली. वेस्ट व्हर्जिनियातल्या टॅल्कॉट गावाजवळचा बिग बेंड बोगदा मैलाहून लांब. परंपरा सांगते की पैज इथेच लागली, आणि जॉन हेन्रीचा पुतळाही तिथे उभा आहे. इथे थांबा. गाणं लावा.

दोन रूपं ऐकवा, शक्य असेल तर तीन. यंत्राने किती फूट खणलं आणि जॉन हेन्रीने किती, हे आकडे कागदावर लिहायला सांगा. गाणारा बदलला की आकडा बदलतो. बायकोचं नावही बदलतं. ‘मग खरं काय?’ हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. नाही विचारला तर तुम्ही विचारा.

आता कागद. इतिहासकार स्कॉट रेनॉल्ड्स नेल्सन यांनी २००६ मध्ये मांडलं की हा माणूस जॉन विल्यम हेन्री नावाचा कैदी असावा. न्यू जर्सीचा तरुण, व्हर्जिनियात घरफोडी-चोरीच्या आरोपावरून दहा वर्षांची शिक्षा झालेला, रिचमंडच्या तुरुंगाने रेल्वेच्या कंत्राटदाराला भाड्याने दिलेला. त्यांच्या मते पैजेची जागा बिग बेंड नसून त्याच मार्गावरचा लुइस बोगदा आहे, कारण कैदी आणि वाफेची यंत्रं शेजारीशेजारी काम करत असल्याचे कागद तिथले आहेत. तुरुंगाच्या नोंदीत या कैद्याची उंची पाच फूट एक इंचाच्या आसपास आहे. गाण्यातला धिप्पाड पुरुष आणि नोंदवहीतला एकोणीस-वीस वर्षांचा ठेंगणा पोरगा! वर्गात इथे हमखास गलका होतो, होऊ द्या. सगळ्यांना हे पटलेलं नाही, काही अभ्यासक घटना अलाबामात नेतात, हेही प्रामाणिकपणे सांगा.

मग अमेरिकन राज्यघटनेची तेरावी दुरुस्ती फळ्यावर लिहा. १८६५च्या डिसेंबरात ती मंजूर झाली आणि गुलामगिरी संपली. पण तिच्यात एक अपवाद आहे: गुन्ह्याबद्दल रीतसर दोषी ठरलेल्याकडून शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी करून घेता येते. दक्षिणेत काळ्या माणसांना किरकोळ आरोपांवरून तुरुंगात घालून भाड्याने देण्याचा धंदा या फटीतून वाढला. आठवीतल्या मुलीला हे समजावून सांगावं लागत नाही. गाणं, नोंदवही आणि दुरुस्तीची ओळ शेजारीशेजारी ठेवली की ती स्वतःच बोलते.

इथे मराठी मुलांना सांगण्याजोगं एक आहे. ही रेल्वे पुरी झाली त्याच वर्षी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली, आणि ती त्यांनी अर्पण केली होती अमेरिकेतल्या लोकांना, त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी दाखवलेल्या त्यागाबद्दल आदर म्हणून. पुण्यातून त्या मुक्तीकडे असं पाहिलं जात होतं, आणि व्हर्जिनियाच्या डोंगरांत कैदी सुरुंगाची भोकं पाडत होते. दोन्ही खरं आहे. मोठ्या मुलांना यावर अर्धं पान लिहायला सांगते.

जिथे कवितेची उलटतपासणी होते

ब्रिटिश फौज निघाल्याची खबर द्यायला निघालेल्या पॉल रिव्हियरची दौड हा दुसरा धडा, पण पद्धत वेगळी. लाँगफेलो या अमेरिकन कवीची त्यावरची कविता ‘अटलांटिक मंथली’च्या जानेवारी १८६१च्या अंकात आली. घटना आहे १८ एप्रिल १७७५च्या रात्रीची, म्हणजे मध्ये पंचाऐंशी वर्षं गेली. कवितेत रिव्हियर नदीच्या पल्याड घोड्यापाशी उभा राहून चर्चच्या मनोऱ्यावरच्या कंदिलांची वाट पाहतो, मग एकटाच दौडत रात्री दोनला कॉन्कॉर्डला पोचतो.

मुलांना आधी कविता द्या आणि रस्ता नकाशावर आखायला लावा. मग स्वतः रिव्हियरने १७९८च्या सुमाराला लिहिलेलं पत्र द्या, ते मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे. पत्रावरून दिसतं की कंदिलांचा इशारा त्याच्यासाठी नव्हता, त्यानेच तो पल्याडच्या लोकांसाठी ठरवून दिला होता. तो एकटाही नव्हता: विल्यम डॉज दुसऱ्या वाटेने निघाला होता, आणि लेक्झिंग्टननंतर डॉक्टर सॅम्युएल प्रेस्कॉट सामील झाला. ब्रिटिशांच्या गस्तीने रिव्हियरला वाटेत पकडलं आणि त्याचा घोडा काढून घेतला. कॉन्कॉर्डला पोचला तो प्रेस्कॉट.

‘म्हणजे कवी खोटं बोलला’ इथे मुलं थांबतात. तुम्ही थांबू नका. कविता कधी छापली ते पुन्हा बघायला सांगा. साउथ कॅरोलायना राज्य २० डिसेंबर १८६० ला संघातून फुटलं होतं, युद्ध दाराशी होतं, आणि लाँगफेलो गुलामगिरीचा विरोधक होता. अशा वेळी उत्तरेला एकट्या घोडेस्वाराची हाक का ऐकवावीशी वाटली असेल? १७७५साठी ही कविता कच्चा पुरावा आहे, १८६०साठी पक्का. सगळ्या अभ्यासक्रमातून मुलांनी एवढंच नेलं तरी मला चालेल.

प्रत्येक गाण्याला तीन प्रश्न विचारायची सवय इथूनच लावते. कोण बोलतंय? कधी बोलतंय? काय गाळलंय?

एक चाल, तीन मालक

रेल्वे अपघातांच्या गाण्यांपैकी केसी जोन्स निवडा. जॉन लूथर जोन्स हा इलिनॉय सेंट्रलचा इंजिन ड्रायव्हर. ३० एप्रिल १९०० च्या पहाटे मिसिसिपीतल्या व्हॉनजवळ त्याची गाडी रुळावर उभ्या असलेल्या मालगाडीच्या डब्यांवर आदळली. त्याने आगवाल्या सिम वेबला उडी मारायला सांगितलं आणि स्वतः ब्रेक धरून राहिला. मेला तो एकटाच. कंपनीच्या चौकशीत दोष मात्र त्याच्याच माथी आला.

पहिलं गाणं जुळवलं वॉलेस सॉन्डर्सने, मिसिसिपीतल्याच कॅन्टन गावच्या कारखान्यात इंजिनं पुसणाऱ्या काळ्या कामगाराने. १९०९ मध्ये गाणं छापून बाजारात आलं तेव्हा त्यावर नावं दुसऱ्याच दोघांची होती. पुढे १९११च्या रेल्वे संपात कामगार चळवळीतला गीतकार जो हिल याने त्याच चालीवर केसी जोन्सला संपफोड्या करून टाकलं. तीन गटांना तीन रूपं द्या आणि प्रत्येक गटाला सांगा की आपला केसी खरा कसा ते पटवून द्या. हा तास हसतखेळत जातो, जॉन हेन्रीनंतर तो बरा पडतो.

मोठ्या मुलांसाठी टेक्ससचा ग्रेगोरिओ कोर्तेसही घ्या, स्पॅनिश कॉरिडोमधून, म्हणजे तिकडच्या बॅलडमधून. १९०१च्या जूनमध्ये घोडा घेतला की घोडी, एवढ्याशा प्रश्नावर दुभाष्याने घोळ घातला, गोळीबारात शेरीफ मॉरिस मेला, आणि कोर्तेस दहा दिवस कधी पायी, कधी घोड्यावरून शेकडो स्वारांना हुलकावणी देत पळाला. १९१३ मध्ये गव्हर्नरने त्याला माफी दिली. इंग्रजी वर्तमानपत्रांत तो डाकू, सरहद्दीवरच्या गाण्यात तो हक्कासाठी लढणारा. वर्गात स्पॅनिश शिकणारं एखादं मूल असतंच, त्या दिवशी त्याला पुढे करा.

ज्यांचं गाणं आपल्यापर्यंत आलं नाही

फक्त बॅलडांवर विसंबलात तर अर्धा देश सुटेल. कॅलिफोर्नियाहून पूर्वेकडे येणारा सेंट्रल पॅसिफिक कंपनीचा लोहमार्ग मुख्यतः चिनी मजुरांनी घातला. १८६७च्या जूनमध्ये त्यांनी हजारोंनी संपही केला. तरी १० मे १८६९ ला युटातल्या प्रॉमन्टरीला हा मार्ग आणि पूर्वेकडून आलेला मार्ग जुळले त्या वेळच्या सुप्रसिद्ध छायाचित्रात ते जवळजवळ दिसत नाहीत. ते छायाचित्र मुलांपुढे ठेवा आणि ‘काय गाळलंय?’ विचारा. मग सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंडवर या. १९१० ते १९४० मध्ये अमेरिकेत यायला निघालेल्या आणि तिथे अडकवून ठेवलेल्या चिनी लोकांनी लाकडी भिंतींवर कविता कोरल्या, त्या आजही वाचता येतात.

गुलामगिरीबद्दल शिकवताना ‘फॉलो द ड्रिंकिंग गोर्ड’ हे गाणं पळून जाणाऱ्यांचा गुप्त नकाशा होतं, असं सर्रास सांगितलं जातं. ते पहिल्यांदा छापलं गेलं १९२८ मध्ये, आणि नकाशाच्या दाव्याला ठोस आधार नाही. गाणं सुंदर आहे, म्हणा खुशाल, पण नकाशा म्हणून शिकवू नका. त्याऐवजी १९३६ ते १९३८ दरम्यान फेडरल रायटर्स प्रोजेक्ट या सरकारी प्रकल्पाने टिपलेल्या, पूर्वी गुलाम असलेल्या माणसांच्या आठवणी वाचा. दोन हजारांहून अधिक आहेत, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर मोफत. मुलाखती घेणारे बहुतेक गोरे होते, त्यामुळे सांगणारा काय हातचं राखून बोलला असेल, हाही प्रश्न हवा. आणि निवड तुम्ही आधी वाचूनच करा. काही आठवणी मुलांसाठी फार जड आहेत.

मूळ रहिवाशांकडे गोष्टी जपायची स्वतःची रीत होती. लाकोटांच्या ‘विंटर काउंट’मध्ये दर वर्षाचं एकच चित्र, आणि ते पाहून राखणदार त्या वर्षाची गोष्ट सांगायचा. नोव्हेंबर १८३३ मध्ये मोठा उल्कावर्षाव झाला. तो जवळजवळ सगळ्या विंटर काउंटमध्ये आहे, आणि त्यावरूनच अभ्यासकांना बाकीची वर्षं लावता आली. मुलांना आपल्या कुटुंबाच्या दहा वर्षांची दहा चित्रं काढायला सांगा. घरात सगळ्यांना आठवणारं एखादं वर्ष असतंच. २०२० बहुतेकांचं जुळतं.

मुलांचा स्वतःचा पोवाडा

शेवटचे दोन रविवार यासाठी राखा. तीन-तीन मुलांचा गट, एक घटना, चार चौक. नियम एकच: प्रत्येक ओळीला आधार दाखवता आला पाहिजे. आधार नसलेली ओळ ठेवायची असेल तर गद्यात थांबून ‘हे आम्ही रचलंय’ असं सांगायचं. नमुन्याला मी एवढंच लिहून देते:

डोंगर आडवा पडला, रेल्वेचा रस्ता अडला,
गडी घण घेऊन भिडला, जी जी रं जी.
एकानं पोलाद धरलं, दुज्यानं घणानं ठोकलं,
दगडात भोक पाडलं, जी जी रं जी.

मराठी कच्चं असलेल्या मुलाला झिलकरी करा, तोही निम्मा पोवाडा गातो. डफ नसेल तर पत्र्याचा डबा चालतो. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. गुण द्यायचे तर गाण्याला देऊ नका, मधल्या गद्याला द्या. पोराला घटना कळली की नाही ते तिथे उघडं पडतं.

रेकॉर्डिंगसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘नॅशनल ज्यूकबॉक्स’ आणि तिथलाच लोकसंगीताचा संग्रह पुरेसा आहे. मूळ लोकगीत सगळ्यांचं असलं तरी एखाद्या गायकाच्या रेकॉर्डिंगचे किंवा नव्या कडव्यांचे हक्क वेगळे असू शकतात. वर्गात ऐकवणं एक, मंडळाच्या गणेशोत्सवातल्या कार्यक्रमाची चित्रफीत इंटरनेटवर चढवणं दुसरं. चढवायची असेल तर मुलांनी स्वतः रचलेले चौकच घ्या, आणि प्रत्येक मुलाच्या पालकांची परवानगी आधी लेखी घेऊन ठेवा.